भुकेली राख

फाल्गुनात वाल झोडून, वाळवून झाले की आमच्या घरी दोन मडकी भरायची असतात. एक खायच्या वालांचं, एक बियाण्याचं. तळाला राख, वर वाल, त्यावर पुन्हा चार बोटं राख, आणि शेणमातीने तोंड लिंपून टाकायचं. असं मडकं अख्खा पावसाळा माळ्यावर बसून राहतं आणि मागाल तेव्हा एकही भोक न पडलेले वाल परत देतं.

ज्या वर्षी आमच्या कुलाबा जिल्ह्याचा रायगड झाला, त्या वर्षी माझी मंजू चार महिन्यांची होती. त्या फाल्गुनात आत्यांनी बियाण्याचं मडकं स्वतः भरलं आणि खायच्या वालांचं माझ्यापुढे सरकवलं. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, चंद्राबाई. सासूला आत्या म्हणायची आमच्याकडची रीत. भिसेगावातल्या या घरात त्यांनी चाळीस पावसाळे काढलेले. मी दोन वर्षांची सून, भूशास्त्रात एम. एस्सी. झालेली, आणि वालाचं मडकं एकदाही न भरलेली.

चुलीतली राख अजून ऊन होती. ती निवायची वाट पाहावी तर पाळण्यात मंजूने सूर लावलेला. गोठ्यामागे गेल्या वर्षीच्या राखेचा ढीग होता, पावसात भिजून पुन्हा सुकलेला. भांडी घासायला आम्ही तिथूनच न्यायचो. मी सूपभर राख उचलली, चाळली, मडकं भरलं, लिंपलं आणि धावत जाऊन पोरीला पदराखाली घेतलं. राख ती राख, असं मी मनाशी म्हटलेलं मला चांगलं आठवतं. कारण जवळजवळ तेच वाक्य त्या वेळी माझ्या प्रबंधातही होतं, जरा भारदस्त शब्दांत.

प्रबंधाचं सांगायला हवं. लग्नाआधी मी मुंबईच्या एका प्रयोगशाळेत समुद्राच्या तळाची माती तपासत असे. जहाजावरून लांब पोकळ नळी तळात रुतवतात आणि वर ओढतात. आत मातीचा उभा दांडा सापडतो. अगदी वरती कालपरवाचा गाळ, आणि खाली खाली जावं तसा जुना, हजारो वर्षांपूर्वीचा. अंदमानच्या बाजूने आलेल्या आमच्या दांड्यांत मध्येच एक बोटभर करडा पट्टा होता. ती ज्वालामुखीची राख. फार मागे कधीतरी सुमात्राच्या अंगाला एक डोंगर फुटला, त्याची राख वाऱ्यावर बसून समुद्रावर आली, पाण्यातून सावकाश खाली उतरली आणि निजलेल्या लेकरावर पांघरूण टाकावं तशी तळावर पसरली.

या पट्ट्याच्या लगेच खालची माती काळी होती. कर्बाने काळी. समुद्रात जे जे जगतं ते मेलं की त्याचा चुरा तळाशी येतो, आणि त्या चुऱ्यात कर्ब असतो. आला म्हणजे राहिला असं मात्र नाही. वरच्या पाण्यातून प्राणवायू मातीत झिरपतो आणि त्याच्या बळावर डोळ्यांना न दिसणारे जीव तो चुरा खाऊन फस्त करतात. मग कर्ब पुन्हा पाण्यात, पाण्यातून हवेत. यातून जो वाचतो तोच युगानुयुगं तिथे पुरलेला राहतो. राखेखालचा वाचला होता. तो का वाचला, एवढंच माझ्या शेवटच्या प्रकरणात सांगायचं होतं. मी सांगितलंही होतं: राखेचं झाकण बसलं म्हणून.

आषाढात मॅडमचं पत्र आलं. या माझ्या मार्गदर्शक. त्यांनी लिहिलं होतं, झाकण तर साध्या चिखलाचंही बसतं. याच दांड्यांत तेवढ्याच जाडीचा चिखल एकदम येऊन पडल्याच्या दोन जागा आहेत, आणि त्यांच्याखालचा कर्ब खाल्ला गेलेला आहे. मग राखेतच असं काय आहे? दिवाळीपर्यंत याचं उत्तर हवं. नोंदणीची मुदत दोनदा वाढवून झाली, आता वाढणार नाही. आणि अगदी शेवटी, वेगळ्या शाईने: बाळ काय करतं?

बाळ रांगायला लागलं होतं आणि प्रबंधाची पानं चघळत होतं. पाच वर्षांचं काम पत्र्याच्या ट्रंकेत होतं. मंजू झोपली की मी ट्रंक उघडायची, ती कुशीवर वळली की बंद करायची. उत्तर काही सुचत नव्हतं. आमचे हे खोपोलीच्या कारखान्यात पाळीने जायचे. पत्र वाचून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "सोडलंस तरी कुणी काही म्हणणार नाही. धरलंस तर मी पोरगी धरतो." एवढं बोलून शर्ट चढवून पाळीला निघून गेले. मी धरायचं ठरवलं. पण धरायचं म्हणजे नेमकं काय, तेच कळत नव्हतं.

श्रावणात बिरडं करायचं म्हणून मी माझ्या मडक्यातले वाल काढून रात्रभर भिजत घातले. सकाळी पाहते तर पातेल्यावर वालांची साय धरल्यासारखी. चांगला वाल भिजला की तळाशी बसतो. आतून पोखरलेला तरंगतो. निम्मेअधिक तरंगत होते. आत्या मागे येऊन उभ्या राहिल्या. मी पातेलं पदराने झाकण्याचा विचार करेपर्यंत त्यांनी पाहिलंच.

"पोहायला शिकले गं तुझे वाल," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, आता आठवडाभर ऐकावं लागणार. पण त्या माळ्याची शिडी चढल्या आणि दोन्ही मडकी ओटीवर आणली. बियाण्याच्या मडक्याचं लिंपण पेरणीआधी कधी फोडायचं नसतं. त्या दिवशी त्यांनी फोडलं. आतल्या वालांवरून हात फिरवला, ओंजळभर माझ्या हातात दिले. गुळगुळीत, थंड, एकाला भोक नाही. मग माझ्या मडक्यातली ओंजळ खाली ओटीवर ओतली. त्यातून दोन किडे चालत बाहेर आले, सकाळी फिरायला निघाल्यासारखे.

राख कुठली घेतलीस, त्यांनी विचारलं. मी गोठ्यामागच्या ढिगाचं सांगितलं. राख ती राख, असंही म्हणाले. आत्या हसल्या. रागावण्यापेक्षा त्यांचं हसणं जास्त लागतं.

"ती जेवून निजलेली राख हाय, जयवंते. ताजी राख भुकेली असते. वरून येल ते पयलं ती सोता खाते, खाली काय बी जाऊ देत नाय. शिळीचं पोट भरलेलं. तिला कुनाचं काय पडलंय? आलं ते तिनं दिलं खाली सोडून."

मंजू माझ्या कडेवर होती आणि माझ्या बांगड्या ओढत होती. मी उगीचच, स्वतःला ऐकू यावं म्हणून विचारलं, "आणि राखेच्या जागी चिखलाचा थर दिला असता तर?"

"चिकल तर जल्माचाच जेवलेला," आत्या म्हणाल्या आणि वाल निवडायला बसल्या.

मी मंजूला त्यांच्या मांडीवर दिलं आणि आत जाऊन ट्रंक उघडली. त्या दिवशी बिरडं आत्यांनीच केलं. बुडालेल्या वालांचं, थोडं, पण झालं.

आता चुलीची राख आणि ज्वालामुखीची राख एक नव्हे, हे मला ठाऊक होतं. चुलीची राख ओल पिते. ओल नाही तर किडा वाढत नाही. समुद्रात पडलेल्या राखेला ओलीची भूक कसली असणार? पण भूक हा शब्द काही केल्या डोक्यातून जाईना. मग चुलीमागे लटकवलेला विळा दिसला. पावसाळा सुरू झाल्यापासून त्याला गंज चढला होता. लोखंड गंजतं म्हणजे काय करतं, तर प्राणवायू खातं. ज्वालामुखीची राख पृथ्वीच्या पोटातून येते. तिथे हवा नाही, म्हणून तिच्यातल्या लोहाला गंज लागलेला नसतो. अशी कोरी, भुकेली राख समुद्राच्या तळावर बसली, तर वरून झिरपणारा प्राणवायू तीच आधी खाणार. खालच्या जिवांपर्यंत तो पोचणारच नाही, आणि त्यांच्यापुढचा कर्ब तसाच राहील. आणि नद्यांनी आणलेला चिखल? तो जमिनीवर युगं काढून, ऊनपाऊस खाऊन, गंजून गंजूनच समुद्रात आलेला. जन्माचाच जेवलेला.

मी हे सगळं एका दमात लिहिलं. पोस्टात टाकायला धीर नव्हता, म्हणून दुसऱ्या सोमवारी स्वतःच मुंबईला गेले. मॅडमनी दोनदा वाचलं. मग म्हणाल्या, "सुंदर आहे. पण भूक दाखव मला."

त्यांच्या कपाटात एक पाकीट होतं. आदल्या वर्षी अमेरिकेत एक ज्वालामुखी फुटला होता, त्याची राख त्यांच्या मैत्रिणीने पाठवली होती. ती ताजी. आणि आमच्या दांड्यातली राख, हजारो वर्षं पाण्यात राहिलेली, ती शिळी. मॅडमनी समुद्राचं पाणी भरून नऊ बाटल्या दिल्या, घट्ट काचेच्या बुचांच्या. तीनमध्ये ताजी राख, तीनमध्ये शिळी, तीनमध्ये नुसतं पाणी. हवेचा एक बुडबुडाही आत नाही. अंधारात ठेवायच्या, रोज दोनदा हलक्या हाताने उलटसुलट करायच्या, आणि चार आठवड्यांनी बुचं न काढता परत आणायच्या. लेकरू घेऊन मला मुंबईत राहता येण्यासारखं नव्हतं, आणि माझं काम दुसऱ्या कुणाच्या गळ्यात घालायचं नव्हतं. बाटल्या घरी आल्या. यांनी शिळफाट्यावरच्या सोडावाल्याकडून रिकामा क्रेट मागून आणला होता, त्यात त्या अगदी मापाने बसल्या.

आत्यांनी क्रेट पाहिला, बाटल्यांवरची अक्षरं पाहिली आणि शेजारणींना सांगून टाकलं की सूनबाईने समुद्राचं लोणचं घातलंय. भाताच्या कणगीमागे, जिथे दिवसाही दिवा न्यावा लागतो, तिथे क्रेट ठेवला. पहिले दोन दिवस बाटल्या मी उलटसुलट केल्या. तिसऱ्या दिवशी मंजूला अंघोळ घालून येते तर आत्या कणगीमागे बसून एकेक बाटली वळवत होत्या, झोपलेल्या पोराची कूस बदलावी तशा. त्यानंतर सकाळची पाळी त्यांची, संध्याकाळची माझी, असं न बोलताच ठरलं.

गौरीच्या दिवशी घरात बायकांची गर्दी झाली. पलीकडच्या धोंडूबाईंना लोणच्याचं कळलेलं होतंच. मी गौरीपुढे दिवा लावत होते, तेवढ्यात कणगीमागून काचेचा आवाज आला. जाऊन पाहते तर धोंडूबाई एक बूच हातात घेऊन बाटलीचा वास घेत उभ्या. आत्या माझ्या आधी पोचल्या होत्या.

"मुरलं नाय अजून, धोंडे," त्यांनी शांतपणे बूच काढून घेतलं. "मुरल्यावर तुलाच पयली फोड देईन, चाटत बस मीठ."

बायका इतक्या हसल्या की धोंडूबाईही हसल्या. मी बाटलीवरचं अक्षर पाहिलं. नुसत्या पाण्याची होती. तशा दोन शिल्लक होत्या, काम भागणार होतं. पण त्या संध्याकाळपासून आत्यांनी क्रेटवर गोणपाट टाकलं आणि गोणपाटावर पुन्हा लिंपून घेतलेलं बियाण्याचं मडकं ठेवलं. त्याला हात लावायची कुणाची प्राज्ञा नव्हती.

चार आठवडे झाले. यांनी रजा टाकली. आठ बाटल्यांचा क्रेट यांच्या मांडीवर, मंजू माझ्या मांडीवर, असे आम्ही प्रयोगशाळेत पोचलो. हे तिला घेऊन बाहेरच्या बाकावर बसले. आत मॅडमनी एकेक बूच अलगद उघडून दोन औषधं टाकायला सांगितली. ही तपासणी सोपी आहे. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी गाळ धरतो. जितका कमी, तितका फिका. मुळीच नसेल तर पांढरा.

नुसत्या पाण्याच्या दोन बाटल्या कोऱ्या चहासारख्या तपकिरी झाल्या. शिळ्या राखेच्या तिन्ही जवळजवळ तशाच. मग मी ताज्या राखेची पहिली बाटली उघडली. औषध टाकलं. पाणी ढवळलं, गाळ खाली बसायला लागला.

साय घालून केलेल्या दुधाच्या चहाचा रंग होता. फिका. मॅडमनी बोटाने दुसऱ्या बाटलीकडे खूण केली. दुसरी तशीच. तिसरी तर त्याहून फिकी. बाहेरून मंजूचं खिदळणं ऐकू येत होतं. बहुधा हे तिला टाळ्या वाजवायला शिकवत होते.

"पांढरी नाही झाली," मी म्हटलं.

"चार आठवड्यांत व्हायला हवी असं कुणी सांगितलं? समुद्राला घाई नाही." मॅडमनी चष्मा काढून पुसला. "हा पुरावा म्हणून पुरणार नाही, जयवंता. पण हे उत्तर आहे. लिही."

मग त्यांनी बाहेर जाऊन मंजूला उचललं, आणि मंजूने त्यांच्या चष्म्याला हात घातला.

घटस्थापना ते कोजागिरी मी लिहीत राहिले. चुलीपाशी लिहिलं, गोठ्याच्या पायरीवर लिहिलं, मंजू पिताना डाव्या हातात तिला आणि उजव्या हातात पेन असं लिहिलं. त्या दिवसांची काही पानं अजून आहेत. अक्षर झोके घेतं. आकाशकंदील लागायच्या चार दिवस आधी प्रकरण मॅडमच्या हातात पडलं, आणि नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी त्यांचं कार्ड आलं. एकच ओळ होती: स्वीकारलं, टंकायला दे.

आत्यांना कार्ड वाचून दाखवलं. त्या करंज्या तळत होत्या. झारा तसाच धरून त्यांनी विचारलं, म्हणजे आता ट्रंक रिकामी का? मी म्हटलं, रिकामी. बरं झालं, त्या म्हणाल्या, मंजीच्या फ्राकांना जागा नव्हती. आणि पहिली करंजी काढून माझ्या हातावर ठेवली. नैवेद्याआधी. आमच्या घरात हे असं कधी होत नाही.

प्रबंधाच्या सुरुवातीला आभाराचं एक पान असतं. त्यात मी मॅडमच्या खाली आत्यांचं नाव घातलं: चंद्राबाई, भिसेगाव, यांनी राखेचा स्वभाव समजावून दिला. टंकून आलेलं पान मी त्यांना वाचून दाखवलं. आत्यांनी पान हातात घेतलं, उलटं करून पाहिलं, मग सुलटं केलं.

"आनि वाल कुनी किडवले ते लिवलंस का?"

मी म्हटलं, ते नाही लिहिलं.

"मंग ह्ये अर्धंच हाय," त्या म्हणाल्या. पण पान परत दिलं नाही. देव्हाऱ्यामागे ठेवलं. टंकणाऱ्याकडून मला दुसरी प्रत करून घ्यावी लागली.

भातकापणीनंतर बियाण्याच्या मडक्यातले वाल ओल्या शेतात पडले. थंडीत वेलांनी बांध झाकले. माघात पोपटी लावली, म्हणजे वालाच्या शेंगा मडक्यात घालून भाजल्या, तेव्हा मॅडमही आल्या होत्या. भांबुर्डीच्या पाल्याने तोंड बंद करून मडकं पालथं कसं घालतात, चहूबाजूंनी आग असून आतल्या शेंगा जळत का नाहीत, हे त्यांना आत्यांनी समजावलं. मॅडम उकिडव्या बसून, लहान मुलीसारखे प्रश्न विचारत होत्या. दोघींचं इतकं जमलं की शेंगा सोलायला मी एकटीच उरले.

फाल्गुन पुन्हा आला. वाल झोडून झाले. चुलीतली राख काढून आत्यांनी लोखंडी घमेल्यात निवत ठेवली आणि त्या शेजारी बसून राहिल्या. मंजू आता चालत होती, पडत होती, पुन्हा उठत होती. ती घमेल्याशी आली आणि तिने तळवा राखेत दाबला. पाच बोटं उमटली. आत्यांनी ठसा पुसला नाही. तिचं बोट तोंडाकडे जायच्या आत पकडलं आणि पदराने पुसलं.

"नाय गं बाय. ती तुज्याहून भुकेली हाय."

मग त्यांनी दोन्ही मडकी माझ्यापुढे सरकवली. खायचं, आणि बियाण्याचंही.